अभ्यासगटाचे गुण चांगले, पण मैत्री नाही: एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांच्या मनात असतो, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही कोरेगावचे, शिक्षण साताऱ्याला झालेले, आणि सध्या पुण्यातील एका व्यवस्थापन संस्थेत एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहात. संस्थेने ठरवून दिलेल्या तुमच्या अभ्यासगटात सहा जण आहेत: तुम्ही, कोल्हापूरची एक मुलगी, पाटण्याचा एक मुलगा, कोट्टायमची एक मुलगी, इंफाळचा एक मुलगा आणि टांझानियातील दार-एस-सलामहून आलेली एक विद्यार्थिनी. पहिल्या सत्रात गटाला उत्तम गुण मिळाले आणि एकही काम मुदतीनंतर गेले नाही. तरीही सत्र संपताना तुमच्या लक्षात आले की एका वर्गात इतके महिने बसूनही ही माणसे एकमेकांना परकीच राहिली आहेत. सुट्टीत कोणी कोणाला साधा फोनही केला नाही. त्यातच कोट्टायमच्या मुलीने शेवटच्या दिवशी सांगितले की तुम्ही दोघे मराठीत ठरवता आणि आम्हाला इंग्रजीत कळवता. आता तुम्ही विचारता की गट बदलून मागावा, की संस्कृती इतक्या वेगळ्या असताना मैत्रीची अपेक्षाच सोडून द्यावी.

यातले काहीच करू नका. मी सांगलीत व्यवस्थापन शिकवते. दरवर्षी गट पाडणे, ते कसे चालतात यावर लक्ष ठेवणे आणि मोडू लागले की त्यांच्यात जाऊन बसणे हे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या गटाची अडचण केरळ, बिहार किंवा टांझानिया ही नाही. ती तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे आणि ते वाक्य तुम्ही समाधानाने लिहिले आहे: पहिल्याच आठवड्यात कामाची वाटणी इतकी नीट झाली की नंतर भेटण्याची फारशी गरजच पडली नाही. अभ्यासगटातली मैत्री एकत्र बसून, एकाच न समजलेल्या गोष्टीशी झगडताना होते. ज्या गटात फायनान्स एकाने, मार्केटिंग दुसऱ्याने आणि स्लाइड तिसऱ्याने करायच्या आणि आदल्या रात्री सगळे जोडायचे अशी रीत पडते, त्या गटात माणसांची गाठ पडायला जागाच उरत नाही. अशी वाटणी केवळ मैत्रीलाच नव्हे, अभ्यासालाही मारक असते. वाणिज्य शाखेतून आलेला मुलगा प्रत्येक वेळी ताळेबंदच करतो, इंग्रजी चांगले असलेली मुलगी प्रत्येक वेळी बोलते, आणि दोघेही दोन वर्षांनी तेवढेच शिकून बाहेर पडतात जेवढे ते येताना जाणत होते.

व्यवस्थापन संस्था गट मुद्दाम मिसळतात, यामागे एक कारण आहे. केस पद्धत हार्वर्डच्या व्यवस्थापन शाखेत 1920 च्या दशकात रुळली आणि 1961 मध्ये अहमदाबादची आयआयएम सुरू झाली तेव्हा हार्वर्डच्या सहकार्याने ती आपल्याकडे आली. या पद्धतीत एखाद्या कंपनीची खरी अडचण समोर ठेवलेली असते आणि तिला एकच बरोबर उत्तर नसते. वर्गात जाण्यापूर्वी पाच-सहा जणांनी बसून आपापली मते एकमेकांवर तपासून घ्यावीत, यासाठी अभ्यासगट असतो. सगळे एकाच गावचे, एकाच शाखेचे असले तर सगळ्यांच्या नजरेतून एकच गोष्ट सुटते. मात्र ही मिसळण उपयोगी पडण्यासाठी वाद व्हावा लागतो, आणि वाटणी करून काम संपवणाऱ्या गटात वाद होतच नाही. म्हणून तुमचे चांगले गुण हा गट चांगला चालल्याचा पुरावा मी मानत नाही.

याचे एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. आमच्याकडील पाच जणांच्या एका गटाने सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या खेळत्या भांडवलाचा अभ्यास घेतला होता. गटात कराडचा एक मुलगा होता, मिरजेची एक मुलगी होती, जत तालुक्यातील घरी कन्नड बोलणारा एक मुलगा होता, तमिळनाडूतील इरोडचा एक मुलगा होता आणि विट्याकडील गलाई व्यावसायिकाची मुलगी होती. खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत हे तुम्हाला ठाऊक असेलच. या मुलीचे बालपण तमिळनाडूत गेले होते आणि ती तमिळ सहज बोलत असे. त्यांनीही तुमच्यासारखीच वाटणी केली. हिशेब कराडच्या मुलाकडे गेला. इरोडचा मुलगा इंग्रजी अडखळत बोलत असे, म्हणून त्याच्याकडे स्लाइडची सजावट आली. त्याला काही सांगायचे असले की विट्याची मुलगी दुभाष्याचे काम करी, आणि महिनाभराने तीच माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, मला गटात अभ्यास करायचाय, निरोप पोचवायचे नाहीत." तिचे म्हणणे अगदी योग्य होते. गटात दोन बाजूंच्या भाषा येणारा एक जण असला की बाकीचे एकमेकांशी थेट बोलण्याचे कष्टच घेत नाहीत.

मी त्या गटाला एकच अट घातली: सादरीकरणाच्या दिवशी कोणती स्लाइड कोणी समजावून सांगायची हे मी ऐनवेळी ठरवेन. त्यामुळे त्यांना ग्रंथालयात एका टेबलाभोवती बसावे लागले. कराडच्या मुलाने काढलेला निष्कर्ष असा होता की व्यापाऱ्याचा पैसा साठ्यात अडकून पडला आहे. आकडे सोपे करून सांगते. वर्षभरात विकलेल्या मालाची किंमत 12 कोटी रुपये, 31 मार्चच्या ताळेबंदातला साठा 5 कोटी रुपये. म्हणजे साधारण 152 दिवसांचा माल पडून. पुस्तकी दृष्टीने हा धंदा ढिसाळ ठरतो. हे समजावून सांगताना कराडच्या मुलाला इरोडच्या मुलाने हळूच विचारले की हा साठा कोणत्या तारखेचा आहे. तारीख कळल्यावर तो हसला आणि त्याने तोडक्यामोडक्या इंग्रजीत, हाताने दाखवत सांगितले की त्याच्या घरीही हळद आहे; पीक जानेवारीपासून निघू लागते, शिजवून, वाळवून, पॉलिश करून ते बाजारात येते, आणि मार्चअखेर ही तर गोदाम भरलेले असण्याचीच वेळ आहे. व्यापारी हंगामात खरेदी करतो आणि वर्षभर विकतो, त्यामुळे त्या एका दिवसाच्या साठ्यावरून धंद्याची पारख करता येत नाही. गटाने व्यापाऱ्याकडून प्रत्येक महिनाअखेरचा साठा मागवला. सरासरी 3 कोटी रुपये निघाली, म्हणजे सुमारे 91 दिवस. अहवालाचा सगळा निष्कर्षच बदलला.

त्या दिवसापासून गटात जे बदलले ते मी पुढे वर्षभर पाहिले. पुढच्या रविवारी पाचही जण हरिपूरला गेले, कारण तिथे पूर्वी हळद जमिनीतल्या पेवांमध्ये साठवत असत हे मिरजेच्या मुलीने सांगितले आणि इरोडच्या मुलाला ती पेवे कशी असतात हे पाहायचे होते. कराडच्या मुलाने त्याला ताळेबंद वाचायला शिकवला, त्याने कराडच्या मुलाला हळकुंड आणि गड्डा हातात घेऊन ओळखायला शिकवले. बेंदराला तो कराडजवळच्या त्या मुलाच्या गावी जाऊन राहिला. एका पंक्तीत जेवल्यामुळे किंवा एकमेकांचे सण साजरे केल्यामुळे ही मैत्री झाली असे नाही. जेवण आणि सण मागून आले. आधी असे घडले की ज्याला गटाने मागच्या बाकावर बसवले होते त्याच्याकडे गटाला हवी असलेली गोष्ट निघाली, आणि जो हुशार मानला जात होता त्याने सगळ्यांसमोर आपला आकडा खोडला. या दोन्ही गोष्टी वाटणीने काम करताना कधीच घडल्या नसत्या.

तुमच्या गटात अशी जाण कोणाकडे काय आहे, याचा विचार तुम्ही केला आहे का? दार-एस-सलामच्या विद्यार्थिनीचे उदाहरण घ्या. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सेवा केनियात 2007 मध्ये आणि टांझानियात 2008 मध्ये सुरू झाली. आपली यूपीआय आली 2016 मध्ये. ज्या विषयावर तुम्ही पहिल्या सत्रात स्लाइड केल्या, तो व्यवहार ती लहानपणापासून आपल्या घरात पाहत आली असण्याची शक्यता मोठी आहे. इंफाळचा मुलगा ज्या शहरातून आला तिथे स्त्रियांनीच चालवलेली ईमा कैथेल ही मोठी बाजारपेठ आहे. केरळमध्ये 1998 पासून कुटुंबश्री या स्त्रियांच्या बचतगटांचे जाळे उभे राहिले आहे. सूक्ष्म पतपुरवठ्यावरची, म्हणजे गरिबांना दिल्या जाणाऱ्या लहान कर्जांवरची, केस हाती आली, तर या दोघांना आधी बोलू द्या.

मात्र इथेच एक इशारा देते, कारण सद्हेतूने वागणारी मुलेही इथे चुकतात. कोणालाही त्याच्या राज्याचा किंवा देशाचा वकील करू नका. सूक्ष्म पतपुरवठ्याबद्दल इंफाळच्या मुलाला काहीच माहीत नसेल आणि त्याला शेअर बाजारात रस असेल, तर तेही त्याला तितकेच मोकळेपणाने सांगता आले पाहिजे. मे 2023 पासून मणिपूरमध्ये जे घडले त्याबद्दल चहा पिता पिता त्याला विचारू नका. तो स्वतःहून बोलला तर मध्ये न बोलता ऐका. आणि होस्टेलमध्ये ईशान्येकडच्या मुलांना, बिहारी मुलांना, दाक्षिणात्यांना आणि आफ्रिकेतून आलेल्यांना जी नावे गमतीत ठेवली जातात, ती तुमच्या गटात कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. ज्याला ते नाव मिळते तो बहुधा हसून साजरे करतो, कारण त्याला त्याच होस्टेलमध्ये राहायचे असते. त्याच्या हसण्याला संमती समजणे हा अन्याय आहे.

आता मराठीचा मुद्दा. कोट्टायमच्या मुलीने जे सांगितले ते सांगायला तिला धैर्य लागले असणार, आणि तिने ते गटाबाहेर कोणाला न सांगता तुम्हाला सांगितले, याची किंमत ओळखा. मराठीत बोलण्यात गैर काही नाही. घरची आठवण, क्रिकेट, मेसमधली आमटी यांवर तुम्ही आणि कोल्हापूरची मुलगी मराठीत बोललात तर त्याने कोणाचे नुकसान होत नाही. एखादी अवघड संकल्पना आपल्या भाषेत एकमेकांना समजावून घेणे तर मी आवर्जून करायला सांगते, कारण आपल्या भागातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलांना त्याचा फार आधार असतो. निर्णय मात्र सहाही जणांना समजणाऱ्या भाषेत, सहाही जण समोर असताना झाला पाहिजे. मराठीत बोलून झालेले असेल तर ते पूर्ण सांगावे; फक्त निष्कर्ष सांगितला की ऐकणाऱ्याला त्यावर आक्षेप घेण्याची संधीच राहत नाही. हिंदीचेही तेच आहे आणि हे आपल्या लक्षात कमी येते. तुम्ही दोघे आणि पाटण्याचा मुलगा हिंदीत रंगलात की इंफाळचा मुलगा अर्धवट आणि उरलेल्या दोघी जवळजवळ पूर्ण बाहेर राहतात, आणि आपल्याला मात्र वाटत असते की आपण सर्वांच्या भाषेत बोलत आहोत.

गटांचा अभ्यास करणाऱ्या लाउ आणि मर्निघन या दोन संशोधकांनी 1998 मध्ये याबाबत एक महत्त्वाची गोष्ट मांडली. गटात फरक असल्याने गट फुटतोच असे नाही. फरक एकावर एक रचले गेले, म्हणजे एकच भाषा, एकच होस्टेल, एकाच शाखेची पदवी आणि एकाच प्रकारचे घर असणारी माणसे एका बाजूला आणि उरलेली दुसऱ्या बाजूला अशी स्थिती झाली, की गटात उभी भेग पडते. म्हणून त्या रेषेला आडवे जाणाऱ्या जोड्या करा. कोल्हापूरची मुलगी आणि तुम्ही पुढच्या सत्रात एकाही कामावर जोडीने बसू नका. तुम्ही दार-एस-सलामच्या विद्यार्थिनीबरोबर हिशेबाला बसा, तिने कोट्टायमच्या मुलीबरोबर पुढची केस घ्यावी, पाटणा आणि इंफाळ एकत्र बसावेत, आणि प्रत्येक केसला जोड्या बदलाव्यात. सहा जणांत मोकळेपणाने न बोलणारा माणूस दोघांत बोलतो, आणि तिथे एकदा बोलला की सहांत बोलण्याची त्याची भीती कमी होते.

तुम्ही साताऱ्याचे आहात, म्हणून एक दाखला तुमच्या जवळचाच देते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये तिचे काम साताऱ्याला आले. तिथल्या ज्या वसतिगृहाला 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले, तिथे अनेक जातिधर्मांची मुले एका छताखाली राहत आणि एकत्र जेवत. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की मुलांना नुसते शेजारी बसवलेले नव्हते; स्वयंपाकपाण्यापासून वसतिगृहाची कामेही मुले मिळून करत. काम सर्वांचे होते आणि कामात कोणी वरचा-खालचा नव्हता. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये वेगवेगळ्या समूहांतील अढी कशी कमी होते याच्या चार अटी मांडल्या: गटात समान दर्जा, एक समान उद्दिष्ट, ते गाठण्यासाठी सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. साताऱ्याच्या त्या वसतिगृहात या चारही गोष्टी त्याच्या 25 ते 30 वर्षे आधी रोजच्या व्यवहारात होत्या. तुमच्या गटात उद्दिष्ट समान आहे आणि संस्थेचा पाठिंबाही आहे. सहकार्याच्या जागी वाटणी आली आहे, आणि समान दर्जा तर इंग्रजीच्या सफाईवर ठरतो आहे.

पैशाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण ती मला बोलकी वाटली: बाकीचे बाहेर जेवायला बोलावतात आणि तुम्ही काही कारण सांगून टाळता. शैक्षणिक कर्ज काढून आलेल्या मुलाला एका जेवणाचे सहाशे-सातशे रुपये जड जातात, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण कारण न सांगता तीनदा नाही म्हटले की समोरच्याला वाटते की तुम्हाला त्यांची संगत नको आहे, आणि चौथ्यांदा कोणी विचारत नाही. एवढेच सांगा की बाहेरचे जेवण महिन्यातून एकदा जमेल, एरवी मेसनंतर चहाला येईन. माझा अनुभव असा आहे की हे एकाने सांगितले की आणखी दोघांना हायसे वाटते. तुमच्या गटातली परदेशी विद्यार्थिनीही फार मोजून खर्च करत असेल, हे गृहीत धरायला हरकत नाही. खाण्यापिण्याच्या सवयी, उपवास, सामिष-निरामिष यांचा बाऊ करू नका; कोण काय खात नाही हे एकदा विचारून लक्षात ठेवले की तो विषय संपतो.

भांडणाबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण वाटणी सोडून एकत्र बसू लागलात की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भांडण होणारच. कोणी वाचून येणार नाही, कोणी अर्धा तास उशिरा येईल, कोणी दुसऱ्याचे म्हणणे एका वाक्यात उडवून लावेल. आपल्या सातारा-सांगलीकडे अशा वेळी त्या माणसाला तोंडावर काही न बोलता तिसऱ्याजवळ मन मोकळे करण्याची सवय आहे. घरात, भावकीत ती सवय चालून जाते, कारण तिसरा माणूस निरोप योग्य शब्दांत पोचवतो. अभ्यासगटात तिसरा माणूस निरोप पोचवत नाही, बाजू घेतो. सत्राच्या शेवटी सहाध्यायींना गुण द्यायचा फॉर्म येतो तेव्हा तो सगळा राग तिथे उतरतो, आणि ज्याला कमी गुण मिळतात त्याला त्या दिवशी प्रथमच कळते की आपले काही चुकत होते. मी कितीतरी मुलांना या एका गोष्टीने दुखावलेले पाहिले आहे.

म्हणून तक्रार त्याच माणसाकडे, एकट्याला गाठून, त्याच आठवड्यात आणि घडलेल्या गोष्टीपुरतीच करा. "तू आळशी आहेस" असे म्हणू नका, "मंगळवारच्या बैठकीला तू केस वाचून आला नव्हतास, त्यामुळे आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले, काही अडचण आहे का?" असे विचारा. शेवटचा प्रश्न मनापासून विचारा, कारण बऱ्याचदा खरोखरच अडचण असते. चाळीस पानी इंग्रजी केस वाचायला एकाला दीड तास लागतो आणि दुसऱ्याला पाच तास. हा फरक बुद्धीचा नसून सरावाचा असतो आणि तो कोणी सहसा बोलून दाखवत नाही. ॲमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये कामाच्या ठिकाणच्या गटांचा अभ्यास करून दाखवले की ज्या गटात "मला हे समजले नाही" असे म्हणण्याची भीती वाटत नाही, तो गट अधिक शिकतो. ही भीती घालवण्याची सुरुवात त्या गटातल्या वजनदार माणसाने करायची असते. तुमच्या गटात ताळेबंदाच्या बाबतीत ते वजन तुमचे आहे. मग जे तुम्हाला समजत नाही, उदाहरणार्थ जाहिरातीची केस, तिथे पहिला प्रश्न तुम्ही विचारा.

सहाही जण जिवलग मित्र होतील अशी अपेक्षा ठेवू नका. जेफ्री हॉल या अमेरिकी अभ्यासकाने 2018 मध्ये काढलेल्या अनुमानानुसार ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला एकत्र घालवलेले सुमारे 50 तास लागतात, चांगल्या मैत्रीला 90 आणि जिवाभावाच्या मैत्रीला 200 हून अधिक. एका पिढीची, एका देशातली ही आकडेवारी आपल्याला जशीच्या तशी लागू करण्याची गरज नाही, पण दिशा माझ्या अनुभवाशी जुळते. तुमच्या गटाने गेल्या सत्रात फक्त जोडाजोडीसाठी भेटून किती तास एकत्र काढले असतील, याचा हिशेब तुम्हीच करा. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी दोन तास, असे पुढचे सोळा आठवडे बसलात तर 64 तास होतात. त्यातून एक-दोघांशी गाढ मैत्री होईल, बाकीच्यांशी असा स्नेह राहील की दहा वर्षांनी कोची किंवा दार-एस-सलामला कामासाठी जावे लागले तर निःसंकोच फोन करता येईल. व्यवस्थापनाच्या शिक्षणात एवढे मिळणे पुष्कळ आहे.

एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. दुसऱ्या वर्षी प्लेसमेंट सुरू होते आणि एकाच जागेसाठी गटातले दोघे मुलाखतीला बसतात. त्या दिवसांत चांगले जुळलेले गटही अबोल होतात, कारण कोणाला कुठे बोलावणे आले हे लपवले जाते. आमच्याकडच्या ज्या गटांनी पहिल्या वर्षीच ठरवले होते की मुलाखतीची बातमी आपण एकमेकांना आपणहून सांगायची आणि एकमेकांची तयारी करून घ्यायची, त्यांच्यात हा दुरावा फार कमी आला. ज्याची निवड आधी होईल त्याने इतरांच्या सराव मुलाखती घ्याव्यात, एवढाही नियम पुरेसा होतो.

आता पुढच्या आठवड्यात काय करायचे ते सांगते. सत्र सुरू होण्याआधी कोट्टायमच्या मुलीला फोन करा, संदेश पाठवू नका. तिचे म्हणणे बरोबर होते आणि या सत्रात निर्णय सर्वांसमोर होतील एवढे सांगा. लांबलचक माफी मागू नका, त्याने तिलाच अवघडल्यासारखे होते. कोल्हापूरच्या मुलीशी आधी बोलून घ्या, नाहीतर तिला वाटेल की दोष तिच्या माथी मारला. मग पहिली केस आली की वाटणी न करता सहाही जणांनी ती पूर्ण वाचावी, आणि बैठकीत प्रत्येकाने आपल्याला न समजलेली एक गोष्ट आधी सांगावी, मते त्यानंतर. स्लाइड करण्याचे काम सर्वांत शेवटी आणि आळीपाळीने. बैठकीची वेळ ठरवताना मात्र अंदाज बांधू नका. कोट्टायमची आहे म्हणून रविवारी सकाळी ती चर्चला जात असेल असे परस्पर ठरवू नका, आणि पाटण्याच्या मुलाला छठच्या दिवसांत घरी जायचे नसेल असेही धरून चालू नका. सहाही जणांना विचारा, वेळ लिहून ठेवा आणि पहिल्या बैठकीला तुम्ही स्वतः दहा मिनिटे आधी जाऊन बसा. गट बदलण्याचा अर्ज अजून दिला नसेल तर देऊ नका, आणि दिला असेल तर सोमवारीच मागे घ्या.